शरीराचे वजन : काटा आणि मोजपट्टी

गावातील अंगणवाडीत दर महिन्याला बालकांचे वजन होते. सेविका बालकाला काट्यावर बसविते, आकडा नोंदविते आणि वाढीच्या आलेखावर ठिपका देते. ठिपके वर चढत गेले तर समाधान, आडवे राहिले तर आईशी बोलणे आणि खाली घसरले तर आरोग्य केंद्राकडे पाठवणी, अशी ही पद्धत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर ती खेड्यापाड्यांत रुजली. त्याच बालकाच्या आईचे वजन मात्र गरोदरपणाचे महिने सोडले तर सहसा कोणी करीत नाही. वडिलांचे वजन होते ते विम्याच्या अर्जापुरते किंवा दवाखान्यात दाखल होण्याच्या वेळी. अंगणवाडीतून बाहेर पडलेल्या मुलाचा आलेख, शालेय तपासणीतील नोंदी वगळल्या, तर तेथेच थांबतो. पुढे चाळिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान होते तेव्हा मधल्या काळात या शरीराचे काय झाले, हे सांगणारी एकही नोंद हाती नसते.

ही उणीव लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर स्त्रियांमागे सुमारे २१ स्त्रिया कृश, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाच्या, आढळल्या आणि सुमारे २३ स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण अनुक्रमे १६ आणि २५ च्या आसपास आहे. एका बाजूला अपुरे पोषण आणि दुसऱ्या बाजूला अतिरिक्त वजन, हे दोन्ही प्रश्न एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गावात आणि काही वेळा एकाच घरात नांदत आहेत. त्यामुळे वजनाचे नियमन म्हणजे केवळ वजन घटविणे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. ज्याचे वाढायला हवे त्याचे वाढावे, ज्याचे घटायला हवे त्याचे घटावे आणि ज्याचे योग्य आहे त्याचे तसेच टिकावे, असा या विषयाचा खरा आवाका आहे. आपल्या परंपरेलाही ही दृष्टी परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार एकत्रच केलेला आहे, आणि त्या दोहोंत स्थूलता अधिक दुश्चिकित्स्य मानली आहे.

योग्य वजन कसे ओळखावे?

उंचीशी वजनाचे प्रमाण पाहण्याची रीत बेल्जियममधील गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. तिला बॉडी मास इंडेक्स हे नाव मात्र १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे आणि मीटरमधील उंचीच्या वर्गाने त्यास भागावे, एवढाच हा हिशेब आहे. हा निर्देशांक १८.५ च्या खाली असल्यास व्यक्ती कृश समजली जाते. २५ व त्यावर अतिवजन, ही जगभर रूढ असलेली मर्यादा होय, आणि वर दिलेले पाहणीतील आकडेही तिच्यावरच आधारलेले आहेत. भारतीयांना मात्र त्याहून कमी वजनावरच मधुमेह व हृदयविकार गाठतात, असे दिसून आल्यामुळे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता अशी मर्यादा ठरविली. व्यवहारात सांगायचे तर १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीचे वजन साधारणपणे ४७ ते ५९ किलोंच्या दरम्यान असावे. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हीच मर्यादा ४२ ते ५२ किलो इतकी येते. या मर्यादा प्रौढांच्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलामुलींना त्या लावू नयेत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

तथापि हा निर्देशांक सगळे सांगत नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. कोणत्याही तक्त्यानुसार दोघेही निरोगी वजनाचे ठरले असते. परंतु क्ष-किरणांच्या विशेष तपासणीत डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. काट्याने दोघांना एकाच रांगेत बसविले होते. शरीराच्या आतील वस्तुस्थिती निराळी होती.

हा फरक कोठे लपतो, याचे उत्तर बहुधा कमरेभोवती सापडते. त्वचेखालील चरबीपेक्षा पोटाच्या पोकळीत, यकृताभोवती साठणारी चरबी अधिक घातक ठरते. ती इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि रक्तातील साखर व मेदद्रव्ये वाढविते. म्हणून आता वजनाबरोबर कंबरेचा घेर मोजण्यावर भर दिला जातो. भारतीय पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे मानतात. आकडे लक्षात राहत नसतील तर आणखी सोपा नियम असा की घेर आपल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. त्यासाठी शिंप्याकडे असते तशी साधी मोजपट्टी पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, अंगावरील कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडल्यावर ती आडवी धरावी. पोट आत ओढून घेतलेले माप हे केवळ स्वतःचे समाधान असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच चित्र आहे. एकूण वजनाच्या मापाने स्थूल ठरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेराच्या मापाने ३९.५ टक्के. म्हणजे ज्यांना काटा निर्दोष ठरवितो, अशी पुष्कळ माणसे मोजपट्टीपुढे सुटत नाहीत. हातपाय सडसडीत आणि पोट मात्र पुढे, अशी आकृती कचेरीत, शिक्षक-कक्षात आणि आता बाजारपेठेच्या गावांतही नित्य दिसते. तिला 'सुखवस्तूपणाचे लक्षण' म्हणून हसण्यावारी नेण्याची प्रथा सोडणे बरे.

पुणे जिल्ह्यातील सहा गावे

ही शरीररचना केवळ खाण्यापिण्याच्या सवयीतून येत नाही. तिची सुरुवात जन्मापूर्वी होते. हे दाखवून देणारे एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातच झाले. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाने पुणे परिसरातील सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या स्त्रिया शेतकरी कुटुंबांतील होत्या. त्यांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि निर्देशांक १८.१, म्हणजे गरोदरपणापूर्वीचे वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ते ३.५ किलो होते.

बालके लहान असणार, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते पुढचे. या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्रज बालकांच्या तुलनेत बरेच लहान होते. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. नाळेच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाणही अधिक आढळले. वजनाने हलके, परंतु स्नायूंच्या मानाने मेद अधिक, अशा या बालकास संशोधकांनी 'कृश-स्थूल' बालक म्हटले. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांचा जो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात कमी वजनाने जन्मलेल्या आणि आठव्या वर्षापर्यंत अंगावर अधिक चरबी चढलेल्या मुलांत इन्शुलिनला होणारा शरीराचा विरोध सर्वाधिक दिसला.

या निष्कर्षांचा अर्थ पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. आज जी किशोरी अर्धपोटी राहते, ती उद्या ४२ किलो वजनाची माता होते. तिचे बालक अपुऱ्या स्नायूंनिशी जन्मास येते. पुढे तेच बालक शिकून नोकरीस लागते, दुचाकीवर फिरते, बसून काम करते आणि त्याचे वजन ६५ किलो होते, तेव्हा त्याच्या शरीराला ते पेलवत नाही. इतर देशांत ८० किलोंवर जे दुखणे येते, ते त्याला ६५ किलोंवर येते. कुपोषण आणि स्थूलता यांना आपण दोन निरनिराळ्या खात्यांत घालून ठेवले आहे. शरीर तसा भेद करीत नाही.

याच सहा गावांच्या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बालके जन्मतः मोठी होती. आणि ज्यांना गरोदरपणात शेतातील व घरातील कष्टाची कामे अधिक करावी लागत, त्यांची बालके लहान होती. केवळ पोट भरण्याने भागत नाही, आणि केवळ खाऊ घालूनही भागत नाही. पाण्याचा हंडा कोण वाहते, हाही वजनाचाच प्रश्न आहे. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी क्षेत्रात गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस गरम आहार देणारी अमृत आहार योजना राबविण्यात आली. अशा योजनांचे मोल त्या बालकाच्या जन्माच्या दिवशी संपत नाही, हे पुण्याच्या अभ्यासावरून ध्यानात येते.

वजन घटविताना

आता ज्यांचे वजन व घेर खरोखर अधिक आहे, त्यांच्याकडे वळू. त्यांनी घाई करू नये, ही पहिली गोष्ट. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठविलेली असते. ती आठवड्याभरात वितळविण्याचा दावा करणारा पट्टा, चहा वा चूर्ण प्रत्यक्षात पाणी कमी करते किंवा काहीच करीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित होय, आणि आहार दिवसाला १,००० किलोकॅलरीच्या खाली कधीही आणू नये. उपासमारीने वजन झपाट्याने उतरते खरे. पण त्याबरोबर स्नायूही उतरतात, आणि मुळात ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी तुटपुंजी आहे, त्यांना हा तोटा परवडणारा नाही. पूर्ववत खाणे सुरू होताच वजन परत येते. परत येते ती मात्र मुख्यतः चरबी. पहाटेच्या मध-लिंबू पाण्यावर अनेकांची श्रद्धा असते. मध ही देखील साखरच आहे, एवढे येथे नमूद केले म्हणजे पुरे.

उपवासाची गोष्टही याच जातीची. एकादशीला दुप्पट खाशी ही म्हण लोकांनी उगीच केलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात तूप, शेंगदाण्याचे कूट आणि बटाटा घातला की एक ताट खिचडी नेहमीच्या पोळी-भाजीच्या जेवणास मागे टाकते. तसेच भात सोडून भाकरी धरली की वजन उतरते, ही समजूतही अर्धीच खरी. तांदूळ, गहू आणि ज्वारी यांच्या शंभर ग्रॅम धान्यात ऊर्जा जवळपास सारखीच असते. ज्वारीत तंतू अधिक, म्हणून ती सावकाश पचते आणि पोट लवकर भरल्याची जाणीव देते. हा तिचा गुण मोठा आहे. पण तीन भाकऱ्या त्या तीनच राहतात.

मराठी जेवणाची खरी अडचण ताटातील प्रमाणात आहे. ताटाचा मोठा भाग भाकरी-भाताने व्यापलेला, वरण पातळ, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि फळ सणासुदीला. हे ताट बैलामागे दिवसभर चालणाऱ्या, मोट हाकणाऱ्या माणसासाठी ठरले होते. मोटेच्या जागी वीजपंप आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणि पायवाटेच्या जागी दुचाकी आली. ताट मात्र जुनेच राहिले, वर फरसाण व बिस्किटे यांची भर पडली. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरीच्या दैनिक आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, कडधान्ये व डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध वा दही ३०० मिलिलिटर असे प्रमाण सुचविले आहे. शिजविण्यापूर्वीची ही वजने आहेत. म्हणजे भाजी धान्याहून अधिक. आपल्या स्वयंपाकघरांत हे उलटे असते. हा बदल महागड्या परदेशी पदार्थांनी करावयाचा नाही. मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मेथी-अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, ताक, आणि ज्यांना चालते त्यांना अंडी व मासे, एवढ्यावर तो होऊ शकतो.

तेलाचा हिशेब स्वयंपाकघरापेक्षा वाण्याच्या यादीवर अधिक नेमका होतो. याच तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरे आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला महिन्याकाठी तेल, तूप, लोणी सर्व मिळून साडेतीन लिटरच्या आसपास. ज्या घरी पाच लिटरचा डबा महिन्याला रिकामा होतो, तेथे वेगळ्या तपासणीची गरज नाही. फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. पाच लिटरच्या डब्यातून अर्धा लिटर वाचविणे, एवढाच त्याचा घरगुती अर्थ होय.

आणि चहा. शासकीय कार्यालयात, शाळेत व पंचायतीच्या बैठकीत येणाऱ्या प्रत्येकासमोर तो ठेवला जातो. नको म्हणणे अवमानाचे समजतात. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांतून ५० ग्रॅम साखर पोटात जाते. सुचविलेली दैनिक मर्यादा २५ ग्रॅमची आहे. वर्षाच्या अखेरीस ही केवळ चहातील साखर १८ किलो भरते. बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत ठेवून ज्याला हवी त्याने साखर घालून घ्यावी, एवढा बदल कोणत्याही परिपत्रकावाचून होण्यासारखा आहे.

चालणे, जोर आणि चेन्नईचा अनुभव

व्यायामाने वजन घटत नाही म्हणून तो सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर भराभर चालावे तेव्हा जेमतेम २०० किलोकॅलरी खर्च होतात. परत येताना एक वडापाव घेतला की तो हिशेब फिटून वर बाकी उरते. वजन उतरविण्यात आहाराचा वाटा मोठा, हे मान्यच केले पाहिजे. पण व्यायामाचा लाभ काट्यावर दिसत नाही तेव्हाही तो होत असतो.

याचा उत्तम दाखला चेन्नईच्या संशोधनातून मिळतो. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना आहार आणि नियमित चालण्याचे मार्गदर्शन सतत मिळत राहिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे या लोकांच्या वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. अमेरिकेतील अशाच एका मोठ्या प्रयोगात, २००२ साली, आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि सात टक्के वजनघट हे लक्ष्य ठेवल्यावर धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले असता असे दिसते की थोडे वजन घटले तर फारच चांगले. न घटले तरी चालणे व्यर्थ जात नाही.

चालण्याला स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची जोड हवी, कारण आपल्याकडे मूळ उणीव स्नायूंची आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा पुरस्कार केला व तो शाळांपर्यंत नेला. गावोगावच्या तालमींत जोर-बैठकांची परंपरा होती. तालमीच्या इमारती अनेक ठिकाणी अजून उभ्या आहेत, त्यांचा उपयोग मात्र कधी गोदाम, तर कधी पत्त्यांचा अड्डा म्हणून होतो. ग्रामसभेने मनावर घेतल्यास त्या पुन्हा उघडता येतील, आणि या वेळी स्त्रियांसाठीही वेळ राखून ठेवावा लागेल. गावातील स्त्रीला पहाटे रस्त्यावर फिरायला जाणे किती सोयीचे असते, याचा विचार व्यायामाचे सल्ले देणारे फारसा करीत नाहीत.

२०२५ पासून स्थूलतेवरील टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतीय बाजारात उपलब्ध झाली आहेत. ती परिणामकारक आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांच्या वापरात चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि औषध थांबविल्यावर वजन बहुधा परत चढते. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, केवळ लग्नकार्यापूर्वी बारीक दिसण्यासाठी ती घेणे धोक्याचे आहे.

ज्यांचे वजन वाढले पाहिजे

राज्यातील प्रत्येक पाच स्त्रियांत एक कृश आहे, हे पुन्हा आठवावे. कारण स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचा आवाज मोठा झाला की तिचे शब्द नको त्या कानी पडतात. दहावीतील अशक्त मुलगी जेवण टाळू लागते, गरोदर सून वजन वाढेल म्हणून हात आखडते. गरोदरपणात १० ते १२ किलो वजन वाढणे आवश्यक असते. त्या काळात वजन घटविण्याचा कोणताही प्रयत्न करू नये.

कृश व्यक्तीचे वजन आपोआप आणखी घटत असेल, तर क्षयरोग आणि मधुमेह या दोहोंची तपासणी तातडीने व्हावी. क्षयरोगात वजनाचे मोल किती, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने झारखंडमध्ये केलेल्या प्रयोगातून २०२३ साली स्पष्ट झाले. क्षयरुग्णांच्या घरातील व्यक्तींना धान्य, डाळी व पूरक पोषण दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत वजन जितके वाढले, तितका मृत्यूचा धोका उतरला. एक टक्का वजनवाढीस धोक्यात सुमारे १३ टक्के घट, असे ते नाते होते. चाळीस किलोच्या माणसाला एक टक्का म्हणजे ४०० ग्रॅम. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारे मासिक अर्थसाहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले, त्यामागे हाच विचार आहे. वजन वाढविण्यासाठीही तळलेले व गोड हा मार्ग नव्हे. शेंगदाणे, गूळ-दाण्याचा लाडू, डाळी, दूध, अंडी, केळी आणि त्याबरोबर बळकटी देणारा व्यायाम, यांनी वाढलेले वजन स्नायूंच्या रूपाने टिकते.

शाळा आणि पंचायत

शाळेत शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. विद्यार्थ्यांचे वजन वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवू नये. 'ढब्बू' आणि 'लुकडा' ही नावे एकदा चिकटली की मुलगा मैदानावर येणे सोडतो आणि वजनाचा प्रश्न अधिकच बिकट होतो. नोंद विद्यार्थ्याच्या आरोग्यपत्रकात करावी व गरज असेल तेथे पालकांशी खाजगीत बोलावे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेत असा फलक मुलांकडूनच तयार करून घेता येईल. २५० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारणपणे पाच चमचे, म्हणजे २५ ग्रॅम साखर असते. पाच चमचे साखर काचेच्या बाटलीत भरून शेजारी ठेवली, तर समजावून सांगण्याचे श्रम वाचतात.

पंचायतीच्या पातळीवर आरंभ अगदी लहान असू शकतो. कार्यालयात एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी आणि एक मोजपट्टी ठेवावी. ग्रामसभेच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक प्रौढास वजन व घेर पाहता यावा आणि तो एका लहानशा कार्डावर लिहून त्याच्याच हाती द्यावा. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणी घाबरू नये. तीन-तीन महिन्यांच्या चार नोंदी जमल्या की दिशा कळते. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब व रक्तातील साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य होते. घेर अधिक असलेल्यांना तेथे पाठवावे. स्त्रियांची मापे आशा कार्यकर्तीने आडोशाला घ्यावीत. काटा सपाट फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवलेला काटा किलो-दोन किलोंनी सहज चुकतो, आणि चपला काढण्यास तर प्रत्येकालाच सांगावे लागते.